एक एकोणचाळीस अंकी मूळ संख्या : न भागता कसं कळलं?

आजच्या व्याख्यानाचा विषय एकच संख्या आहे. आधी ती पूर्ण लिहून दाखवू. वाचायला सोपं जावं म्हणून तीन-तीन आकड्यांचे गट केले आहेत:

१७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७

एकूण ३९ आकडे. ही संख्या लक्षात ठेवायची एक सोपी युक्ती आहे. दोन हा आकडा १२७ वेळा मांडून सगळ्यांचा गुणाकार करायचा आणि आलेल्या उत्तरातून एक वजा करायचा. म्हणजे 'दोनाचा १२७ वा घात वजा एक'. बोलण्याच्या सोयीसाठी आज आपण तिला म-१२७ म्हणू. याच पद्धतीनं म-३ म्हणजे ८ वजा १, अर्थात ७. म-५ म्हणजे ३१. म-७ म्हणजे १२७. यातला 'म' मर्सेन यांचा, त्यांची ओळख पुढे होईलच.

म-१२७ ही मूळ संख्या आहे. तिला १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कुठल्याही संख्येनं पूर्ण भाग जात नाही. हे फ्रान्समधले गणिती एदुआर ल्युका यांनी १८७६ साली दाखवलं. त्या काळात संगणक नव्हता. कागद, पेन्सिल आणि डोकं एवढंच साधन. त्यानंतर तब्बल ७५ वर्षं, १९५१ पर्यंत, माणसाला ठाऊक असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या हीच होती.

आता आजचा खरा प्रश्न. ल्युका यांना हे कळलं कसं? 'कुठल्याही संख्येनं भाग जात नाही' असं म्हणायचं, तर सगळ्या संख्यांनी भागून पाहायला नको का?

भागून पाहण्याचा मार्ग शाळेत आपण सगळेच शिकलो आहोत. ९७ मूळ आहे का? २, ३, ५, ७ यांनी भागून पाहा. पुढे जायची गरज नाही, कारण ९७ चं वर्गमूळ दहाच्या आत आहे. एखाद्या संख्येचे दोन अवयव असतील, तर त्यांतला एक तरी वर्गमूळापेक्षा लहान किंवा त्याच्याइतकाच असणार. ९७ ला हे चार भागाकारांत जमतं. पण म-१२७ चं वर्गमूळ स्वतःच २० अंकी आहे.

थोडी सवलत मिळते. घातांक मूळ संख्या असेल, तर अशा संख्यांचे अवयव वाटेल तसे नसतात, हे सतराव्या शतकात फर्मा यांच्या लक्षात आलं होतं. म-११ घ्या. ती २०४७, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. या दोन अवयवांमधून एक-एक वजा करा: २२ आणि ८८. दोन्ही २२ च्या पटीत, आणि २२ म्हणजे ११ ची दुप्पट. हा योगायोग नाही, नियमच आहे. त्यामुळे म-१२७ ला अवयव असलाच, तर तो २५४ च्या कुठल्यातरी पटीपेक्षा एकानं मोठा असला पाहिजे. दुसऱ्या एका नियमानं, आठानं भागल्यावर अवयवाची बाकी १ किंवा ७ च असावी लागते. त्यामुळे उरलेल्यांतले निम्मे उमेदवार आणखी गळतात.

अशाच गाळणीच्या जोरावर ऑयलर यांनी १७७२ मध्ये म-३१, म्हणजे २१४७४८३६४७ ही संख्या मूळ असल्याचं सिद्ध केलं होतं. तिचं वर्गमूळ सेहेचाळीस हजारांच्या आसपास, त्यामुळे गाळणीतून मोजकेच भाजक उरले. पण म-१२७ ला ही गाळणी लावूनही उरणारे उमेदवार इतके आहेत की दर सेकंदाला एक भागाकार केला तरी सुमारे ८० कोटी वर्षं लागतील. तेव्हा ल्युका यांनी भागून पाहिलं नाही, एवढं नक्की. त्यांनी दुसरा रस्ता शोधला.

त्या रस्त्याकडे वळण्याआधी ही संख्या चर्चेत कुठून आली ते सांगायला हवं. मारँ मर्सेन हे सतराव्या शतकातले फ्रेंच धर्मगुरू. युरोपभरच्या गणितज्ञांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. 'दोनाचा अमुक घात वजा एक' ही संख्या मूळ असायची, तर घातांक स्वतः मूळ असावाच लागतो. घातांक ६ घेतला तर ६३ येतात, आणि ६ चे अवयव २ व ३ असल्यामुळे ६३ ला म-२ नं, म्हणजे ३ नं, आणि म-३ नं, म्हणजे ७ नं भाग जातो. पण घातांक मूळ असला की संख्या मूळ असेलच असं नाही. म-११ नं ते दाखवलंच. मग कुठले घातांक चालतात? १६४४ मध्ये मर्सेन यांनी २५७ पर्यंतची यादी दिली: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७.

ही यादी तपासून पूर्ण व्हायला ३०० वर्षं लागली. ती संपूर्ण तपासली गेली १९४७ मध्ये. तेव्हा निघालं ते असं: ६७ आणि २५७ चुकीचे होते, आणि ६१, ८९, १०७ राहून गेले होते. १२७ मात्र बरोबर होता. विधान खरं होतं, पण मर्सेन यांच्याकडे त्याचा पुरावा नव्हता. तो यायला ल्युका यांची वाट पाहावी लागली.

आता ल्युका यांचा रस्ता. त्यांच्या पद्धतीला पुढे अमेरिकेतले गणिती डेरिक हेन्री लेहमर यांनी १९३० मध्ये सुटसुटीत रूप दिलं. आज तिला ल्युका-लेहमर कसोटी म्हणतात. ल्युका यांनी म-१२७ साठी ३ पासून सुरुवात केली होती. लेहमर यांच्या रूपात सुरुवात ४ पासून होते. आपण लेहमर यांचं रूप घेऊ.

कृती अशी. ४ घ्या. त्याचा वर्ग करा, २ वजा करा. उत्तर तपासायच्या संख्येपेक्षा मोठं झालं तर तिनं भागून फक्त बाकी ठेवा. पुन्हा वर्ग, पुन्हा २ वजा, पुन्हा बाकी. ही पायरी किती वेळा करायची? घातांकापेक्षा दोन कमी इतक्या वेळा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ. शून्य सोडून काहीही आलं तर संयुक्त.

वही जवळ असेल तर सोबत करा. म-५, म्हणजे ३१. पायऱ्या तीन. ४ चा वर्ग १६, वजा २, १४. १४ चा वर्ग १९६, वजा २, १९४, आणि ३१ नं भागून बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २, ६२. ६२ म्हणजे ३१ ची दुप्पट, बाकी शून्य. म्हणून ३१ मूळ. आता म-७, म्हणजे १२७, पायऱ्या पाच. येणाऱ्या बाक्या अशा: १४, ६७, ४२, १११, ०. पुन्हा शून्य, पुन्हा मूळ.

म-१२७ साठी अशा पायऱ्या फक्त १२५. कुठे ८० कोटी वर्षं आणि कुठे १२५ पायऱ्या! अर्थात प्रत्येक पायरीत ३९ अंकी संख्येचा वर्ग आहे. दशमान पद्धतीनं एका वर्गात एकेरी आकड्यांचे ३९ गुणिले ३९, म्हणजे १५२१ गुणाकार. सगळे मिळून १ लाख ९० हजारांच्या घरात. कंटाळवाणं काम, पण एका माणसाच्या आवाक्यातलं.

त्यात भागाकाराचं ओझंही जवळजवळ नाही, आणि याचं श्रेय या संख्येच्या घडणीला जातं. नऊनं भागल्यावर बाकी काय, हे आपण आकड्यांची बेरीज करून सांगतो. का? कारण १० ला ९ नं भागलं की बाकी १ राहते. तसंच ९९ साठी दोन-दोन आकड्यांची बेरीज करायची. ४७२८१ घ्या: ४ अधिक ७२ अधिक ८१ म्हणजे १५७, आणि १ अधिक ५७ म्हणजे ५८. झाली बाकी. म-१२७ चं तेच आहे, फक्त दहाच्या जागी दोन. संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे ० आणि १ वापरून लिहिली, की उजवीकडचे १२७ अंक तोडायचे आणि डावीकडचा उरलेला भाग त्यांत मिळवायचा. भागाकाराची बाकी निव्वळ बेरजेनं मिळते. ल्युका यांनी द्विमान पद्धतीचाच आधार घेतला होता. हीच सोय आज संगणकालाही उपयोगी पडते.

पण इथे थांबलो तर ही जादूची कृती वाटेल. शून्य आलं की संख्या मूळच, हे कशावरून? चला, पुरावाच पाहू. या व्याख्यानातला हा सगळ्यांत अवघड भाग आहे. सावकाश ऐका, लागलं तर थांबवून पुन्हा ऐका.

२+√३ आणि २−√३ या दोन संख्या घ्या. त्यांची बेरीज ४ आणि गुणाकार १. दोन्हींचे वर्ग करून बेरीज केली तर येतात १४. पुन्हा वर्ग करून बेरीज केली तर १९४. म्हणजे ४, १४, १९४ हा आपला क्रम या जोडीच्या घातांची बेरीज आहे. 'वर्ग करा, दोन वजा करा' ही कृती खरं तर २+√३ चा घात दर पायरीला दुप्पट करत असते.

आता असं समजू की १२५ पायऱ्यांनंतर शून्य आलं आहे, तरीही म-१२७ संयुक्त आहे. मग तिचा सर्वांत लहान मूळ अवयव 'क' असेल, आणि क चा वर्ग म-१२७ पेक्षा मोठा नसेल. आता सगळा हिशोब क नं भागून उरणाऱ्या बाक्यांमध्येच करू. या जगात 'अ अधिक ब गुणिले √३' अशा रूपाच्या संख्या किती? अ साठी क पर्याय, ब साठी क पर्याय. एकूण क चा वर्ग. त्यातलं शून्य वगळू.

या जगात २+√३ ला स्वतःनंच गुणत गेलो तर काय होईल? जागा मोजक्याच आहेत, म्हणून कधीतरी आपण १ वर येणार आणि तिथून तीच फेरी पुन्हा सुरू होणार. एका फेरीत कुठलीही जागा दोनदा येत नाही, आणि शून्यावर आपण कधीच जात नाही. म्हणून फेरीची लांबी क च्या वर्गापेक्षा कमीच असणार.

आणि शेवटी आलेलं शून्य काय सांगतं? ते सांगतं की २+√३ चा, 'दोनाचा १२६ वा घात' इतका घात घेतला की −१ येतो. त्याचा वर्ग केला की १. म्हणजे 'दोनाचा १२७ वा घात' इतक्या पावलांनी आपण १ वर पोचतो. फेरी याहून आखूड असती, तर तिच्या लांबीनं दोनाच्या १२६ व्या घातालाही भाग गेला असता, आणि तिथेही १ च मिळाला असता. पण तिथे आहे −१. म्हणून फेरीची लांबी नेमकी दोनाचा १२७ वा घात. ती म-१२७ पेक्षा एकानं जास्त! आणि फेरी तर क च्या वर्गात मावायला हवी, जो म-१२७ पेक्षा मोठा नाही. हे शक्य नाही. म्हणून असा 'क' असूच शकत नाही.

पाहा, आपण एकाही भाजकाला हात लावला नाही. अवयव असता तर या फेरीला मावायला जागाच उरली नसती, एवढंच दाखवलं. उलट बाजूचं विधान, म्हणजे संख्या मूळ असेल तर शून्य येतंच, तेही खरं आहे. त्याचा पुरावा थोडा लांब असल्यानं आज घेत नाही.

आता कसोटीत शून्य आलं नाही तर? म-११ साठी नऊ पायऱ्या करा. बाक्या येतील: १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही, म्हणून २०४७ संयुक्त. पण या १७३६ मध्ये २३ आणि ८९ कुठे दिसतात? कुठेच नाहीत. कसोटी एवढंच सांगते की संख्या फुटते. कुठे फुटते, ते सांगत नाही.

म-६७ च्या बाबतीत नेमकं हेच घडलं. ती संयुक्त असल्याचं ल्युका यांनी १८७६ मध्येच दाखवलं, पण अवयव कोणाच्याच हाती नव्हते. ते मिळाले १९०३ मध्ये, अमेरिकेतले गणिती फ्रँक नेल्सन कोल यांना:

१९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ = १४७५७३९५२५८९६७६४१२९२७

गोष्ट अशी सांगतात की अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत कोल फळ्यापाशी गेले. एका बाजूला दोनाचा ६७ वा घात काढून एक वजा केला. दुसऱ्या बाजूला हा गुणाकार करून दाखवला. दोन्ही उत्तरं जुळली. एक शब्दही न बोलता ते जागेवर जाऊन बसले आणि सभागृहात टाळ्या पडल्या. आपणही नवाची बाकी काढून पाहू शकता. तिन्ही संख्यांची १ येते. अर्थात बाकी जुळली म्हणून गुणाकार बरोबर ठरत नाही. जुळली नसती तर चूक नक्की ठरली असती.

म्हणजे 'फुटते' हे कळण्यात आणि 'अशी फुटते' हे हाती येण्यात २७ वर्षं गेली. ही दरी आज आपल्या रोजच्या व्यवहारात आहे. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी मांडलेली आरएसए ही सांकेतिक पद्धत तिच्यावरच उभी आहे. दोन मोठ्या मूळ संख्या शोधायच्या. ते सोपं, कारण मूळ आहे की नाही ते ओळखायच्या कसोट्या वेगवान आहेत. त्यांचा गुणाकार जगजाहीर करायचा. त्यातून पुन्हा त्या दोन संख्या काढणं मात्र महाकठीण. ३०० हून अधिक आकड्यांच्या अशा दोन संख्यांचं कुलूप आजही अनेक संकेतस्थळं वापरतात.

यावर दोन प्रश्न नेहमी येतात. पहिला: मग म-१२७ चं कुलूप का करत नाहीत? कारण ती सगळ्यांना माहीत आहे. गावभर माहीत असलेली किल्ली काय कामाची? दुसरा: अवयव काढणं कठीणच आहे, हे सिद्ध झालंय का? नाही. झटपट अवयव काढण्याची रीत साध्या संगणकासाठी कोणाला सापडलेली नाही, एवढंच. मूळ संख्या ओळखण्याबाबत मात्र प्रश्न निकालात निघाला आहे, आणि तो भारतात. कानपूरच्या आयआयटीतले मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये कुठल्याही घडणीच्या संख्येला चालणारी पक्की आणि, आकडे वाढले तरी आवाक्याबाहेर न जाणारी रीत सिद्ध केली. ल्युका यांची कसोटी दोनाच्या घाताला चिकटून असलेल्या संख्यांपुरतीच आहे. पण त्यांच्यासाठी तिच्याइतकी वेगवान रीत विरळाच.

१९५१ मध्ये म-१२७ चा विक्रम मोडला. फेरिए यांनी टेबलावरच्या यंत्रानं ४४ अंकी मूळ संख्या शोधली. त्याच वर्षी केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर मिलर आणि व्हीलर यांनी ७९ अंकी संख्या मिळवली. ती कशी बनवली होती माहीत आहे? म-१२७ चा वर्ग करून, त्याला १८० नं गुणून, एक मिळवून! जुनी संख्या नवीच्या पायात बसली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत रॉबिन्सन यांनी ल्युका-लेहमर कसोटी संगणकावर चालवली आणि एकाच वर्षात पाच नवे घातांक सापडले. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मर्सेन मूळ संख्येचा घातांक १३,६२,७९,८४१ आहे आणि तिचे आकडे ४,१०,२४,३२०. तिच्या खात्रीसाठीही हीच कसोटी वापरली गेली.

शेवटी एक साखळी पाहू. २ पासून निघू. म-२ म्हणजे ३, मूळ. म-३ म्हणजे ७, मूळ. म-७ म्हणजे १२७, मूळ. आणि म-१२७, आजची पाहुणी, तीही मूळ. मग या ३९ अंकी संख्येलाच घातांक केलं तर? ही साखळी बेल्जियमचे गणिती युजीन कॅटलन यांच्या नावानं ओळखली जाते. पुढची कडी मूळ आहे का, हे आज जगात कोणालाच माहीत नाही. त्या संख्येत किती आकडे असतील, तो आकडाच ३८ अंकी आहे. ती लिहायलाच कागद पुरणार नाही, आणि कसोटीच्या पायऱ्या जवळजवळ म-१२७ इतक्या! तिला अवयव असलाच, तर तो म-१२७ च्या दुपटीहून मोठा असणार. आजवर एकही सापडलेला नाही.

चार वेळा जमलं, म्हणून पाचव्यांदा जमेल, असं मात्र धरू नका. १३ पासून अशीच साखळी सुरू केली तर म-१३ म्हणजे ८१९१, मूळ. लोकांना वाटलं होतं की म-८१९१ ही मूळ असेल. १९५३ मध्ये व्हीलर यांनी संगणकावर कसोटी लावली. शून्य आलं नाही. संख्या संयुक्त निघाली. तिचा अवयव हाती यायला त्यानंतरही कित्येक वर्षं लागली. सुंदर नमुना दिसणं आणि पुरावा असणं यांतलं अंतर मर्सेन यांच्या यादीत दिसलं, इथेही तेच दिसतं.

आता गृहपाठ. ८१९१ ला स्वतः कसोटी लावा. पायऱ्या अकरा. साधा कॅल्क्युलेटर पुरेल. मधेच हिशोब बरोबर चालला आहे का ते पाहायला दोन खुणा देतो: सातव्या पायरीला ३६ यायला हवेत आणि दहाव्या पायरीला १२८. अकरावी पायरी तर तोंडीही होईल. १२८ चा वर्ग १६३८४, त्यातून दोन गेले १६३८२. त्याला ८१९१ नं भागा, आणि बाकी किती राहिली ते वहीत लिहून ठेवा.